मुलाला आठवडाभर शिडाच्या जहाजावर पाठवावं का?

प्रश्न: आम्ही कोल्हापूरचे. मुलगा १७ वर्षांचा आहे, सुट्टीत इंग्लंडला मावशीकडे चाललाय. तिथल्या युवक मंडळाची मुलं आठवडाभर शिडाच्या जहाजावर जाणार आहेत, त्यालाही नेतो म्हणतात. सासरे म्हणतात, पैसे भरून दोर ओढायला कशाला पाठवायचं? आणि पोहणं कितपत यायला हवं?

उत्तर: सासऱ्यांचं वाक्य वाचलं आणि राहवलं नाही. आमचे थोरले काका हेच म्हणाले होते, फक्त त्यांचा शब्द ‘हमाली’ होता. मी तेव्हा तिकडे शिकत होते, कॉलेजच्या ग्रुपबरोबर साउदॅम्प्टनहून अशाच जहाजावर गेले.

हमाली असते, खोटं कशाला बोलू? चार तास पहारा, आठ तास सुट्टी, की परत पहारा. रात्री १२ ते ४ ची पाळी आली की एक जण सुकाणूवर, एक जण पुढे उभा राहून दुसऱ्या जहाजांचे दिवे बघत, बाकीचे कुडकुडत. तेवढ्यात वारा वाढला, आडवं शीड गुंडाळायचा हुकूम आला. दोरांच्या शिडीवरून वर चढायचं, आडव्या काठीखाली ताणलेल्या दोरावर पाय ठेवायचे, पट्ट्याचा हूक अडकवायचा, पोट काठीवर टेकवायचं आणि दोन्ही हातांनी कापड वर ओढायचं. ओलं शीड बोटांना दाद देत नाही. शेजारचा पोरगा रडत होता, मी शिव्या देत होते. अस्सल कोल्हापुरी, त्यामुळे कुणाला काही कळलं नाही. सकाळी डेक घासला आणि सगळ्या जहाजाचे बटाटे सोलले.

काकांनी बरोबर तेवढे बटाटेच धरून ठेवले. आता हे काका तरुणपणी तालमीत होते. तिथं नवा पोरगा आधी काय करतो? हौद्यातली लाल माती खणतो, वस्तादांचं अंग रगडतो, थंडाई घोटतो. त्याला कुणी हमाली म्हणत नाही. मी हे दिवाळीच्या फराळाला सगळ्यांसमोर बोलले, तर भाऊबीजेपर्यंत अबोला. माझं म्हणणं आजही तेच आहे. सासऱ्यांना तालमीचंच विचारून बघा.

पोहण्याचं: पंचगंगेत पोहतो एवढं बास. तिकडचा समुद्र उन्हाळ्यातही थंडगार असतो. अचानक पडलं तर पहिल्या मिनिटालाच दम लागतो, तिथं पट्टीचा पोहणाराही गडबडतो. म्हणून सगळा भर न पडण्यावर असतो, हूक आणि लाइफजॅकेटवर. खरा त्रास उलटीचा. गोळी जहाजावर चढायच्या आधी घ्यायची, उलटी सुरू झाल्यावर उपयोग नाही. खाली बंकवर पडून राहिला तर जास्त त्रास होईल, वर येऊन क्षितिजाकडे बघायचं. दोन-तीन दिवसांत बहुतेकांना सवय होते. आणि ओकायचं ते वारा जिकडे जातो त्या बाजूला, हे आधीच सांगा.

‘आपल्याकडे नाही का असं काही?’ हेही काकांनी विचारलं होतं. आहे की. नौदलाची ‘तरंगिणी’, १९९७ पासून, आणि २०१२ पासून ‘सुदर्शिनी’. दोन्ही गोव्यातच बांधलेल्या, दोन्हींना तीन डोलकाठ्या. ‘तरंगिणी’ २००३-०४ मध्ये जगाला फेरी मारून आली. पण त्या नौदलाच्या कॅडेटांसाठी, तिकीट काढून जाता येत नाही. युरोपात मोठ्या शिडाच्या जहाजांची शर्यत १९५६ पासून चालते, तिथं निम्मे खलाशी १५ ते २५ वयाचे लागतात, नियमच आहे.

मात्र दमा, फिट येणं असं काही असेल तर फॉर्मवर लपवू नका. व्हिसा आणि विमा आधी बघा, १८ च्या आतला म्हणून तुमची लेखी संमती लागेल. उंचीची भीती असेल तरी पाठवा, आमच्या जहाजावर वर चढायची सक्ती नव्हती, खाली दोर ओढायला माणसं लागतातच. वाऱ्यावर अवलंबून असल्यानं ठरलेल्या बंदरात पोचतीलच असं नाही, मावशीला म्हणावं परतीच्या विमानाआधी दोन दिवस हातात ठेव. आणि चाकांची सुटकेस देऊ नका, बंकखाली मावत नाही. घडी होणारी कापडी बॅग द्या.