अंमल चढतो, अंमल बसतो

तुम्ही विचारलंय, ‘इंग्रजांचा अंमल’ आणि ‘दारूचा अंमल’ यांत शब्द एकच कसा, आणि अंमल म्हणजे सत्ताच का?

शब्द एकच आहे. मूळ अरबी ‘अमल’, म्हणजे काम, कृती. तो फारसीतून आपल्याकडे आला. मामला, मामलेदार हेही त्याच अरबी धातूचे. राजस्थानात तर अमल म्हणजे थेट अफू. शिवकाळात राज्यव्यवहारकोशाने फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, पण अंमल काही मराठीतून गेला नाही, आणि मला त्याचं मनापासून बरं वाटतं.

कारण ‘सत्ता’ त्याची जागा घेऊ शकत नाही. सत्ता हा संस्कृत शब्द, त्याचा मूळ अर्थ ‘असणं’. अंमल म्हणजे ते असणं दुसऱ्याला जाणवणं. १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून दख्खनच्या सहा सुभ्यांच्या चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा घेऊन आले. हक्क मिळाला तो कागदावर. वसुलीला माणूस गेला, गावाने पैसा दिला, की मग म्हणायचं, अंमल बसला. एकाच मुलखातून दोन सरकारं वसूल घेत तिथे ‘दुअंमल’ असे. त्या रयतेचे काय हाल होत असतील, ते या एका शब्दावरूनच कळतं.

क्रियापदं नीट बघा. राज्याचा अंमल बसतो आणि उठतो, नशेचा चढतो आणि उतरतो. दोन्हीकडे माणूस कशाच्या तरी अंमलाखाली असतो. ‘खाली’ हा शब्दही दोन्हीकडे तोच. आईच्या ऑपरेशननंतर डॉक्टर म्हणाले होते, “भुलीचा अंमल आहे अजून, बोलवू नका.” ती समोर होती, डोळे उघडे होते, पण स्वतःच्या ताब्यात नव्हती. इंग्रजांचा अंमल म्हणजे काय, हे मला इतिहासाच्या पुस्तकापेक्षा त्या खाटेशी जास्त कळलं.

जुन्या गद्यात ‘रात्री दहाचा अंमल होता’ असंही सापडतं, म्हणजे दहाच्या सुमारास. वेळेचाही अंमल! हा वापर आता जवळजवळ गेला, त्याची हळहळ वाटते.

आज पोलीस ठाण्यात ‘ठाणे अंमलदार’ बसतो आणि तिथेच अंमली पदार्थांचा गुन्हाही नोंदवला जातो. अंमलबजावणीत मात्र अरबी मूळ अजून जिवंत आहे. कायदा मंजूर झाला तरी, जोवर कुणी काम करत नाही, तोवर तो अमलात आला असं मराठी माणूस म्हणत नाही.