एमबीबीएसची जागा लागली, मूळ दाखले मात्र एम.एस्सी.च्या कॉलेजात

सांगली जिल्ह्यातल्या एका वाचक मुलीचं पत्र आलं. एम.एस्सी. मायक्रोबायॉलॉजीचं तिसरं सेमिस्टर सुरू आहे. शिकता शिकता नीट दिली आणि राज्याच्या दुसऱ्या फेरीत, ओबीसी प्रवर्गातून, सरकारी मेडिकल कॉलेजात एमबीबीएसची जागा लागली. हजर व्हायला मोजके दिवस उरलेत. दहावी-बारावीच्या मूळ गुणपत्रिका, जात वैधता प्रमाणपत्र, बी.एस्सी.च्या कॉलेजचा दाखला, सगळं एम.एस्सी.च्या कॉलेजात जमा आहे. कार्यालय म्हणतं, दुसऱ्या वर्षाची पूर्ण फी भरा, ‘नो ड्यूज’ (काही बाकी नसल्याचा दाखला) आणा, मग बघू. विभागप्रमुख म्हणतात, आता दोन पदव्या एकदम करता येतात, एम.एस्सी. सोडू नकोस. वडिलांना भरलेल्या फीची काळजी. तिचा प्रश्न: एम.एस्सी. सोडू की पूर्ण करू?

वेळ नव्हता म्हणून उत्तर तिला आधीच कळवलं. इथे देतोय ते बाकीच्यांसाठी, कारण दर वर्षी प्रवेशाच्या फेऱ्या लागल्या की हेच पत्र वेगवेगळ्या गावांहून येतं. कुणी बी.फार्म.मध्ये असतं, कुणी बीएएमएसला. अडकलेले कागद मात्र तेच असतात.

तुमचं पत्र वाचताना मी एकच गोष्ट शोधत होतो: कॉलेजला लेखी अर्ज कोणत्या तारखेला दिला? ती तारीख पत्रात कुठेच नाही, कारण अर्ज दिलेलाच नाही. सरांना तोंडी सांगितलं, व्हॉट्सअॅपवर मेसेज टाकला, खिडकीवर दोनदा विचारून आलात. म्हणजे कायद्याच्या लेखी तुम्ही अजून काही मागितलेलं नाही आणि कॉलेजने काही नाकारलेलं नाही. उद्या न्यायालयात उभं राहिलात, तर समोरचा वकील पहिल्याच वाक्यात म्हणेल की आमच्याकडे अर्जच आला नाही. त्यावर तुमच्याकडे उत्तर नाही. नीटचा निकाल लागला त्या आठवड्यात हे कागद मागून घ्यायला हवे होते. मूळ कागद जमा करताना पोच घेतली होती का, याबद्दल पत्रात अवाक्षर नाही, म्हणजे तीही घेतलेली नसणार. एवढी अवघड परीक्षा पास होणारी मुलं आपल्या आयुष्यभराच्या कागदांची पावती मागायला का लाजतात, हे मला खरंच समजत नाही.

आता काय करायचं ते सांगतो. एक नाही, दोन अर्ज करा, आणि ते वेगवेगळ्या कागदांवर.

पहिला अर्ज फक्त मूळ कागद परत मिळण्याचा. विद्यापीठ अनुदान आयोगाने ऑक्टोबर २०१८ मध्ये फी परतावा आणि मूळ प्रमाणपत्रं याबद्दल अधिसूचना काढली. त्यानुसार संस्थेने प्रवेशाच्या वेळी मूळ कागद पडताळायचे, साक्षांकित प्रती ठेवून घ्यायच्या आणि मूळ कागद तिथल्या तिथे परत करायचे. ठेवून घ्यायची मुभाच नाही. त्यामुळे हे कागद मागायला तुम्हाला एम.एस्सी. सोडावी लागत नाही. चालू विद्यार्थिनी म्हणूनही तो तुमचा हक्क आहे. या अर्जात प्रवेश रद्द करण्याचा विषयच काढू नका, म्हणजे फीचं कारण पुढे करायला कॉलेजला जागा उरत नाही. कागदांची नावं एकेक करून लिहा, गुणपत्रिकांचे क्रमांक टाका, आणि मेडिकल कॉलेजात हजर होण्याची शेवटची तारीख ठळक लिहा: ‘या तारखेपर्यंत मूळ कागद न मिळाल्यास माझी वैद्यकीय प्रवेशाची जागा जाईल व त्यास कॉलेज जबाबदार राहील.’ हे वाक्य गाळू नका. पुढे दाद मागायची वेळ आली, तर आपल्यामुळे काय नुकसान होणार आहे हे कॉलेजला आधीपासून माहीत होतं, हे याच वाक्यावरून सिद्ध होईल.

दुसरा अर्ज प्रवेश रद्द करून कॉलेज सोडल्याचा दाखला मिळण्याचा. तो लगेच देऊ नका. आधी मेडिकल प्रवेशाची कागदपत्रांची यादी समोर ठेवून एकेक कागद तपासा. जात वैधता हवीच. नॉन-क्रीमी लेअर प्रमाणपत्राची मुदत कोणत्या ३१ मार्चला संपते ते डोळ्यांनी वाचा, आठवणीवर जाऊ नका. बारावीच्या भौतिक, रसायन, जीवशास्त्राच्या गुणांची अट बघा. यातला एक कागद कमी पडून तिकडची जागा गेली आणि इकडचा प्रवेश तुम्ही स्वतःच्या सहीने रद्द केलेला असला, तर दोन्हीकडून जाल. यादी पूर्ण जुळली की त्याच दिवशी दुसरा अर्ज द्या, तासभरही थांबू नका. दाखल्याला एक-दोन दिवस लागणार असतील, तर मेडिकल कॉलेजला आजच ईमेल करून विचारा की तेवढ्यापुरतं हमीपत्र चालेल का. काही ठिकाणी चालतं, काही ठिकाणी नाही. त्याची खात्री मी देणार नाही.

दोन्ही अर्जांच्या दोन-दोन प्रती काढा. एक प्रत आवक खिडकीवर द्यायची, दुसरीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक आणि घेणाऱ्याची सही घ्यायची. ‘साहेब मीटिंगला गेलेत, उद्या या’ असं ऐकू येईल. आवक नोंदवहीत टपाल लिहून घ्यायला साहेब लागत नाहीत, एवढंच शांतपणे सांगा आणि खिडकीपुढून हलू नका. तरीही घेतलं नाही, तर त्याच दुपारी पोस्टात जाऊन प्राचार्यांच्या नावे पोचपावतीसह स्पीड पोस्ट करा. जुनं रजिस्टर्ड पोस्ट आता स्पीड पोस्टातच विलीन झालं आहे, तेव्हा ‘रजिस्टर एडी’साठी अडून बसू नका. सोबत कॉलेजच्या अधिकृत ईमेलवर अर्जाचा फोटो पाठवा, विद्यापीठाच्या कुलसचिवांना प्रत द्या. विभागप्रमुखांना केलेला व्हॉट्सअॅप मेसेज खोडू नका, पण त्याच्यावर भिस्तही ठेवू नका.

फीचं म्हणाल, तर थकबाकीसाठी कागद अडवून ठेवण्याचा हक्क कॉलेजला नाही. हे तत्त्व आम्हा वकिलांनाही लागू आहे. अशिलाने फी दिली नाही म्हणून वकिलाला त्याची कागदपत्रं अडवता येत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने आर. डी. सक्सेना यांच्या प्रकरणात २००० साली सांगितलं. पैसे हवेत तर वसुलीचा रस्ता वेगळा आहे. शिवाय सर्वोच्च न्यायालयाच्याच इस्लामिक अकॅडमी प्रकरणातल्या २००३ च्या निकालाने संस्थांना एका वेळी एका वर्षाची किंवा एका सेमिस्टरचीच फी घेता येते, पुढच्या वर्षांची आगाऊ घेता येत नाही. कॉलेज तुमच्याकडून चालू वर्षाची फी मागतंय, ती कितपत देय आहे हे तुमच्या प्रवेशाच्या अटी पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही. परताव्याबद्दल तर आशा कमीच ठेवा. २०१८ च्या अधिसूचनेतलं शंभर टक्क्यांपासून शून्यापर्यंतचं कोष्टक प्रवेशाच्या शेवटच्या तारखेपासून मोजतात आणि त्या तारखेनंतर तीस दिवस उलटले की परतावा शून्य. दुसऱ्या वर्षाला असलेल्या विद्यार्थिनीला ते कसं लावायचं यावर वाद घालता येईल, पण तो वाद नंतरचा.

म्हणून वडिलांना माझा निरोप द्या: शेवटच्या दिवशी सकाळपर्यंत कागद हातात आले नाहीत, तर फी भरून मोकळे व्हा. भरताना अर्जावर लिहा, ‘ही रक्कम मला देय मान्य नाही, केवळ मूळ कागद मिळावेत म्हणून हक्क राखून भरत आहे.’ पावती घ्या, कागद घ्या आणि मेडिकल कॉलेज गाठा. पैसे मागाहून मागता येतात, गेलेली जागा मागता येत नाही. तत्त्वासाठी लढायचं असेल तर एमबीबीएसला बसून लढा.

दाद कुठे मागायची? विद्यापीठ अनुदान आयोगाचे विद्यार्थी तक्रार निवारणाचे २०२३ चे नियम आहेत. कागद अडवणं आणि फी न परतवणं या दोन्ही तक्रारी त्यात बसतात. पण तक्रार निवारण समितीला पंधरा कामाचे दिवस, त्यावर विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील, त्याला पुन्हा तीस दिवस. तुमच्या जागेच्या दृष्टीने हे निरुपयोगी, फीच्या दृष्टीने ठीक. ग्राहक आयोगाकडे जाऊ नका. शिक्षणसंस्था त्या कायद्यात येतात की नाही यावरच इतकी वर्षं वाद चालू आहे की तुमची इंटर्नशिप होऊन जाईल.

उरतं उच्च न्यायालय. सांगलीकरांना आता त्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही, १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ) सुरू आहे. रिट याचिका तातडीची म्हणून दाखल होऊ शकते. पण फेऱ्यांच्या तारखा कुणासाठी थांबत नाहीत, आणि मधे सुट्ट्या लागल्या तर काय हाल होतात हे आम्ही दर वर्षी पाहतो. मुलांचं अख्खं वर्ष ज्यावर अवलंबून आहे अशा प्रकरणांसाठी प्रवेशाच्या दोन महिन्यांत वेगळं खंडपीठ का बसत नाही, हा माझा जुना राग आहे. एस. कृष्णा श्रद्धा हिच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये दार थोडं उघडलं. विद्यार्थ्याची चूक नसेल, त्याने विलंब न लावता दाद मागितली असेल आणि चूक यंत्रणेची असेल, तर शेवटच्या तारखेनंतर महिनाभरात प्रवेश किंवा पुढच्या वर्षीची जागा देता येते. यातली ‘विलंब न लावता’ ही अट तुम्ही आवक शिक्क्याशिवाय कशी सिद्ध करणार?

विभागप्रमुखांचं म्हणणं अर्धं खरं आहे. एप्रिल २०२२ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाने दोन अभ्यासक्रम एकाच वेळी करायला परवानगी दिली आहे, दोन्ही वर्गात बसून करायचे असतील तर वेळा एकमेकांवर येता कामा नयेत. पण एमबीबीएसला थिअरीला ७५ आणि प्रात्यक्षिकाला ८० टक्के हजेरी लागते. दिवसभर डिसेक्शन हॉलमध्ये असणारी मुलगी दुसऱ्या गावात मायक्रोबायॉलॉजीची प्रॅक्टिकलं कधी करणार? कागदावर जमवलंत तर खोट्या हजेरीचा प्रश्न येईल, आणि तो एमबीबीएसच्या जिवावर येईल. ते नकोच.

पण केलेलं दीड वर्ष पाण्यात गेलं असंही समजू नका. तुमचा अभ्यासक्रम नव्या शैक्षणिक धोरणाखालचा असेल, तर पहिलं वर्ष पूर्ण करून बाहेर पडणाऱ्याला पदव्युत्तर पदविका मिळण्याची तरतूद आहे, आणि अॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये, म्हणजे अभ्यासाचे श्रेयांक साठवणाऱ्या खात्यात, जमा झालेले क्रेडिट्स सात वर्षांपर्यंत टिकतात. एमबीबीएस साडेचार वर्षांचं, वर एक वर्ष इंटर्नशिप, त्यानंतर सरकारी कॉलेजातून शिकल्याने एक वर्षाची बंधपत्रित सेवा किंवा दहा लाखांचा दंड. हिशेब घट्ट आहे, पण दार बंद नाही. म्हणून दुसऱ्या अर्जात प्रवेश रद्द करण्याबरोबर पदविकेची मागणीही लिहा आणि क्रेडिट्स खात्यात दिसतात का ते कॉलेज सोडण्याआधी स्वतः तपासा.

तुम्ही पत्राच्या शेवटी सहज लिहिलंय की एका ओळखीच्या एजंटने सुचवलं, एम.एस्सी.चा उल्लेखच करू नका, गॅपचं (शिक्षणात खंड पडल्याचं) प्रतिज्ञापत्र करा, जुन्या कॉलेजातून दाखल्याची दुसरी प्रत काढा. हे चुकूनही करू नका. खोटं प्रतिज्ञापत्र हा गुन्हा आहेच, पण त्याहून वाईट म्हणजे ते कधी बाहेर येईल याला मुदत नाही. तिसऱ्या वर्षाला असताना कुणीतरी तक्रार केली तर प्रवेश रद्द होऊ शकतो, आणि तेव्हा तुमच्या बाजूने बोलायला माझ्यासारख्याकडेही काही नसेल. तुमच्यात गॅप नाहीच, तुम्ही सलग शिकत होतात. तेच खरं लिहा.

शिष्यवृत्तीबद्दल सावध. आठ लाखांखालच्या उत्पन्नाच्या ओबीसी कुटुंबातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ करणारा शासन निर्णय जुलै २०२४ चा आहे. बी.एस्सी., एम.एस्सी.साठी आधी लाभ घेतला असेल तर काय, याचं उत्तर मेडिकल कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागाकडून लेखी घ्या. महाडीबीटीवर (राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर) एम.एस्सी.चा या वर्षीचा अर्ज चालू असेल तर तो आधी मागे घ्या, नाहीतर नवा अर्ज तिथेच अडकेल.

कार्यालय सकाळी उघडतं तेव्हा पहिला अर्ज घेऊन खिडकीवर असा. वडिलांना सोबत न्या. शिक्क्याची प्रत मिळाली की तिचा फोटो मला पाठवा. मिळाली नाही तर त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत फोन करा, म्हणजे नोटीस रात्रीच जाईल.