वाचकांचे प्रश्न : पितळी पात्यांच्या टेबल फॅनचे वय कसे ठरवावे?

प्रश्न : आजोळच्या वाड्यातून आमच्याकडे पितळी पात्यांचा, बिडाच्या बैठकीचा एक टेबल फॅन आला आहे. मोटरवरच्या पट्टीवर ‘जनरल इलेक्ट्रिक, यू. एस. ए.’, 220 व्होल्ट, 50 सायकल असे कोरलेले असून खाली पेटंटच्या काही तारखा आहेत. शेवटची तारीख ऑगस्ट 1911 मधील आहे, पण दिनांक 3 आहे की 8, हे झिजल्यामुळे कळत नाही. जुन्या वस्तूंचे एक व्यापारी पंखा 1911 चाच असल्याचे सांगतात. ते मानावे का, आणि त्याचा आराखडा कोणी केला हे कसे शोधावे? — एक वाचक, सांगली

उत्तर : व्यापाऱ्यांनी घाई केली आहे. पट्टीवरची शेवटची तारीख एवढेच सांगते की पंखा त्याआधीचा नाही. तो त्यानंतर कितीही वर्षांनी तयार झालेला असू शकतो, कारण तीच पट्टी कारखान्यात पुढे अनेक वर्षे वापरली जाई.

झिजलेल्या आकड्याचा उलगडा मात्र घरबसल्या होईल. अमेरिकेत पेटंट मंगळवारी दिली जातात आणि ही प्रथा एकोणिसाव्या शतकापासूनची आहे. निकोला टेस्ला यांच्या एसी मोटरची पेटंट 1 मे 1888 रोजी निघाली, तोही मंगळवारच होता. 3 ऑगस्ट 1911 हा गुरुवार होता आणि 8 ऑगस्ट मंगळवार, तेव्हा आपली तारीख 8 च. योगायोगाने त्याच दिवशी अमेरिकेचे दहा लाखावे पेटंट दिले गेले, त्यामुळे त्या आठवड्याचे क्रमांक शोधणे सोपे जाते. अमेरिकी पेटंट कार्यालयाच्या त्या आठवड्याच्या राजपत्रात, कंपनीच्या नावे केलेल्या पेटंटांमध्ये, शोधकर्त्याचे नाव मिळेल आणि मूळ नकाशेही पाहता येतील. पट्टीवरच्या प्रत्येक तारखेसाठी हेच करावे. (1927 च्या कायद्याने वस्तूवर पेटंटचा क्रमांक देणे आवश्यक केले, त्यानंतरच्या पंख्यांचा शोध म्हणूनच कमी कष्टाचा असतो.)

मात्र हाती येणारी नावे अभियंत्यांची असतील, हे ध्यानात ठेवावे. पेटंट बहुधा मान फिरवणाऱ्या गिअरचे, वेग बदलणाऱ्या स्विचचे किंवा बेअरिंगचे असे. रूपाचे पेटंट अमेरिकेत वेगळे नोंदवले जाते. त्या काळातल्या बहुतेक पंख्यांचे रूप कारखान्यातल्या अभियंत्यांच्या आणि साचे करणाऱ्यांच्या हातून घडले, आणि माझ्या मते ते त्यामुळेच इतके सरळ, प्रामाणिक दिसतात. ठळक अपवाद जर्मनीचा. 1907 मध्ये एईजी कंपनीने पीटर बेरेन्स यांना कलासल्लागार नेमले आणि 1908 च्या सुमारास त्यांनी टेबल फॅनलाही रूप दिले. अमेरिकेत रूपकाराला महत्त्व आले ते 1930 नंतर : एमर्सन कंपनीचा ‘सिल्व्हर स्वान’ 1932 चा, तर रॉबर्ट हेलर यांचा ‘एअरफ्लो’ 1937 चा.

220 व्होल्ट, 50 सायकल (म्हणजे आजचे हर्ट्झ) ही नोंद मला पेटंटच्या तारखांइतकीच मोलाची वाटते. अमेरिकेतल्या घरांत साधारण 110 व्होल्ट, 60 सायकल वीज असे. तेव्हा आपला पंखा परदेशी बाजारासाठीच घडवलेला आहे. म्हणून कंपनीची अमेरिकेतली सूचीपत्रे पाहून थांबू नये, निर्यातीची सूचीपत्रेही पाहावीत आणि पट्टीवरचे ‘टाइप’ व ‘फॉर्म’ यांचे शब्द त्यांच्याशी ताडून घ्यावेत. भारतात आणखी एक घोटाळा नेहमी होतो : ब्रिटनची ‘जीईसी’ (जनरल इलेक्ट्रिक कंपनी) आणि अमेरिकेची ‘जनरल इलेक्ट्रिक’ या दोन स्वतंत्र कंपन्या होत्या, एकीच्या सूचीत दुसरीचा पंखा सापडणार नाही.

पितळेवरून मात्र वय ठरवू नये. पहिल्या महायुद्धाच्या सुमारापासून रंगवलेल्या पोलादी पात्यांचे प्रमाण वाढत गेले, हे खरे. पण दुरुस्तीच्या दुकानात एका पंख्याची पाती दुसऱ्याला आणि तिसऱ्याची जाळी पहिल्याला बसवण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. जाळीचे स्क्रू मूळ भोकांत नीट बसतात का आणि पात्यांच्या मधल्या चकतीवर निर्मात्याची खूण आहे का, हे पाहावे. आणि पितळ लगेच घासून लख्ख करू नये, कारण त्यावर कारखान्यातला मूळ लाखेचा थर उरला असेल तर तो त्यात जाईल.

पंखा सुरू करून पाहण्याचा मोह होईल, पण त्या काळच्या रबर आणि सुती आवरणाच्या तारा आता नुसत्या वाकवल्या तरी तुटतात. जाणत्या वाइंडिंगवाल्याकडून तपासणी होईपर्यंत प्लग लावू नये.