लेखकाची वही, प्रकाशकाची वही

इंदूर,
२९ डिसेंबर २०२५

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

काल तू टीपॉयवर ठेवून गेलास तो कागद रात्री दोनदा वाचला. एका बाजूला सरत्या वर्षाचा हिशेब, दुसऱ्या बाजूला येत्या वर्षाचे संकल्प. हिशेबाच्या बाजूला खूप खाडाखोड आहे, संकल्पांच्या बाजूला एकही नाही. तीन पुस्तकं, हजार प्रती, पन्नास परीक्षणं, एक पुरस्कार, असं सगळं एका दमात लिहिलेलं दिसतं. समोर बसून बोलले असते तर तू मध्येच "पण काकू" म्हणाला असतास आणि मी गप्प बसले असते. म्हणून लिहिते आहे.

आधी हिशेब. मार्चमध्ये तुझ्या कथासंग्रहाच्या ३०० प्रती छापल्यास. १४१ विकल्या गेल्या, ३८ भेट दिल्यास, १२१ घरात आहेत. १४१ च्या आधी तू "फक्त" लिहिलं आहेस, तो शब्द खोड. इंदुरात राहून, मराठीत, पहिलाच कथासंग्रह, तोही स्वतः काढलेला, आणि नऊ महिन्यांत १४१ माणसांनी पैसे मोजून घेतला, याला मी लहान म्हणणार नाही. पण त्याची फोड तू अगदी कोपऱ्यात, बारीक अक्षरांत केली आहेस: प्रकाशनाच्या संध्याकाळी ६०, व्हॉट्सअ‍ॅपवरून ओळखीपाळखीत ४५, टपालानं बाहेरगावी ३०, दुकानातून ६. मला त्यातले ३० सगळ्यांत मोलाचे वाटले. त्या साठांत तुझी आत्या आहे, ऑफिसातली मंडळी आहेत, मी आहे. आम्ही तुझ्यासाठी आलो होतो. अकोल्याच्या आणि नाशिकच्या त्या माणसांनी तुला कधी पाहिलेलं नाही. कुणीतरी पुढे धाडलेलं कथेचं एक पान वाचून त्यांनी पैसे पाठवले. त्यांचे पत्ते फोनमधून काढून वहीत उतरव. पुढचं पुस्तक येईल तेव्हा पहिला निरोप त्यांना जायला हवा.

आता पैशांचं. छपाईचे ३३,००० झाले, म्हणून तू "प्रत ११० रुपयांना पडली" असं धरलंस. अक्षरजुळणी आणि मुखपृष्ठाचे १२,००० कुठे गेले? ते धरले की प्रत १५० ला पडते. किंमत २२०. दुकानदार ४० टक्के कापतो, म्हणजे तुझ्या हाती १३२. दुकानातून गेलेल्या प्रत्येक प्रतीमागे तू १८ रुपये पदरचे घातलेस. बरं झालं सहाच गेल्या. थेट गेलेल्या १३५ प्रतींचे २९,७०० आणि दुकानाचे ७९२ मिळून ३०,४९२ आले, खर्च ४५,००० झाला. टपालखर्च वाचकांनी दिला म्हणून तो सोडून देते. तूट १४,५०८ ची. तू लाल शाईनं "मी अयशस्वी" असं काहीतरी लिहून खोडलं आहेस, ते खोडलेलंही वाचता येतं रे.

ही तूट प्रकाशकाची आहे. कथा लिहिणारा मुलगा त्यात कुठेही तुटलेला नाही. एवढ्या एका गोष्टीसाठी मी हे पत्र लिहायला घेतलं. स्वतः पुस्तक काढणाऱ्या माणसात दोघं जण राहतात आणि दोघांच्या वह्या वेगळ्या हव्यात. प्रकाशकाच्या वहीत रुपये, प्रती, पत्ते, तारखा. लेखकाच्या वहीत पानं, तास आणि कुठली कथा कुठे अडली आहे ते. तुझ्या कागदावर दोन्ही एकत्र झाले आहेत आणि प्रकाशक लेखकाला दटावतो आहे: पैसे अडकलेत, चल, तीन पुस्तकं दे.

हे मी भोगलेलं आहे. १९९८ मध्ये मी माझं पहिलं पुस्तक काढलं. छापखान्याच्या मालकांनी समजावलं की ऑफसेटला प्लेटचा आणि मशीन लावण्याचा खर्च एकदाच, पाचशेत आणि हजारात फरक काय तो कागदाचा. त्यांचं गणित बरोबरच होतं. मी हजार घेतल्या. सहाशेवर माळ्यावर राहिल्या, दोन पावसाळ्यांत खालच्या गठ्ठ्यांना ओल आली, कसर लागली. २००१ मध्ये साहित्य संमेलन आपल्या इंदुरात भरलं तेव्हा दोन पिशव्या भरून प्रती नेल्या, लोकांनी घेतल्याही. तो उत्साह आणि माळ्यावरचे अडकलेले पैसे या दोन्हींच्या भरात मी दुसरं पुस्तक सहा महिन्यांत उरकलं. त्यातल्या शेवटच्या तीन कथांना आणखी एक-एक खर्डा हवा होता. मला ते तेव्हाही कळत होतं. आज कुणाच्या कपाटात ते पुस्तक दिसलं की मला त्या तीन कथाच आठवतात. हजार प्रतींचे पैसे पुढे फिटले, त्या कथांचं काही करता आलं नाही.

म्हणून प्रकाशकाच्या वहीत २०२६ साठी हजार लिहू नकोस, ६६ लिही. १४,५०८ ला २२० नं भागून बघ. आणखी ६६ प्रती थेट वाचकाच्या हातात गेल्या की तुझं पहिलं पुस्तक फिटलं. महिन्याला साडेपाच प्रती पडतात, आणि हे तुझ्या हातातलं आहे. देवास, उज्जैन, धार, भोपाळ, ग्वाल्हेर, सगळीकडे आपली माणसं आहेत, मंडळं आहेत, गणेशोत्सव आहेत. टेबल मांडून बसायची लाज वाटू देऊ नकोस.

टपालाचंही बघ. टपाल खात्यानं १ मे २०२५ पासून 'ज्ञान पोस्ट' सुरू केलं आहे, पुस्तकांसाठीच. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, ५ किलोपर्यंत १०० रुपये, कर वेगळा. शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक, धार्मिक अशा पुस्तकांसाठी ते आहे. पुस्तकावर मुद्रकाचं किंवा प्रकाशकाचं नाव लागतं आणि आत जाहिरात चालत नाही. तू शेवटच्या पानावर सराफ्यातल्या दुकानाची जाहिरात घेतली आहेस, ती पुढच्या छपाईत काढ. जाहिरातीचे पैसे तू हिशेबात कुठे दाखवलेले दिसत नाहीत, तेही विचारायचं आहे.

घरातल्या १२१ मधून त्या ६६ वजा केल्या की ५५ उरतात, त्यांपैकी चार प्रती आजच बाजूला काढ. १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रकाशकानं पुस्तक निघाल्यापासून ३० दिवसांत एकेक प्रत कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, चेन्नईचं कन्नेमरा, मुंबईचं मध्यवर्ती ग्रंथालय आणि दिल्ली पब्लिक लायब्ररी इथे स्वखर्चानं पाठवायची असते. तू प्रकाशक आहेस, म्हणजे ते तुझं काम. उशीर झाला तरी पाठव. माळ्यावर गठ्ठे नासले तेव्हा मला एकच आधार वाटला होता, की कोलकात्यात एक प्रत कोरडी आहे.

आयएसबीएनसाठी, म्हणजे पुस्तकाच्या ओळख-क्रमांकासाठी, तू एका एजन्सीला पैसे मोजलेस, हे वाचून वाईट वाटलं. आपल्या देशात तो क्रमांक मोफत मिळतो. राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडे ऑनलाइन अर्ज करायचा, लेखक स्वतःच्या नावानंही करू शकतो. दुसऱ्याकडून घेतलास की नोंदीत प्रकाशक म्हणून त्याचं नाव राहतं. तीच आवृत्ती पुन्हा छापलीस तर नवा क्रमांक लागत नाही, मजकूर बदलून नवी आवृत्ती काढलीस तर लागतो. ई-बुक किंडलवर टाकायला तो सक्तीचा नाही.

आणि छपाई आता डिजिटलवर शंभर-शंभरच्या हप्त्यांनी कर. प्रतीमागे दहा-पंधरा रुपये जास्त जातील, जाऊ देत. पण पान ४७ चा प्रश्न सुटल्याशिवाय एकही प्रत छापू नकोस.

पान ४७ वर तुझा नायक "दर्यांमधून" चालत जातो. तू लिहिलं होतंस "दऱ्यांमधून". मी पेन्सिल घेऊन बसले तर अशा बावीस जागा सापडल्या. आपल्याकडे जुळणी करणारी मुलं हिंदीत वाढलेली. त्यांच्या हाताला 'र्य' माहीत आहे, 'ऱ्य' नाही. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' यांतला फरक त्यांना कुणी सांगितलेलाच नसतो. ळ चा ल होतो, "शाळा" ची "शाला" होते. त्यात त्या मुलांचा दोष नाही, मुद्रितं, म्हणजे प्रुफं, वाचणं आपलं काम. तू म्हणालास, "मी दोनदा वाचलं काकू." लेखकाला स्वतःच्या मुद्रितात कागदावरचं दिसत नाही, मनातलं दिसतं. एकदा मोठ्यानं वाच. एकदा शेवटच्या पानाकडून पहिल्याकडे ये, म्हणजे कथेच्या ओघात वाहून जाणार नाहीस. आणि तिसरं वाचन दुसऱ्या कुणाचं तरी, पैसे देऊन. तो खर्च मुखपृष्ठातून वाचव.

जुळणीवाल्याकडून उघडी फाइल, म्हणजे जिच्यात मजकूर बदलता येतो ती, मागून घे, तीही युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर अक्षरं अक्षरंच राहतील. नुसत्या पीडीएफवर समाधान मानू नकोस. जुन्या फॉन्टांत केलेलं काम कागदावर सुबक दिसतं, पण तोच मजकूर ई-बुकसाठी उचलायला गेलं की अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हं येतात आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं. काम सुरू व्हायच्या आधी हे बोलून घ्यायचं. पैसे दिल्यावर नव्हे.

आता लेखकाची वही. यात मी फार लुडबूड करणार नाही, पण "तीन पुस्तकं" खोडून "एक" लिही, आणि तेही "प्रकाशित" म्हणून नको, "पूर्ण" म्हणून. सकाळी सहा ते सात हा तास तुझा चालतो हे तूच सांगितलंस. त्या तासात किती पानं झाली ते रोज लिही, शून्य असेल तर शून्य लिही. कथा संपली की सहा आठवडे तिच्याकडे पाहू नकोस. मग तिघांना दे: एक इंदूरचा, एक महाराष्ट्रातला, आणि एक असा ज्याला तुझ्या गोष्टी फारशा आवडत नाहीत.

त्या पुण्याच्या मित्रानं तुला चौथ्या कथेतल्या आजीचं "काय करून राहिलास रे" काढायला सांगितलं, आणि तू नव्या आवृत्तीत ते "काय करतो आहेस" करणार आहेस. नको करूस. रामबागेतली ती आजी तसंच बोलणार. चार-पाच पिढ्या इथे जगलेल्या माणसांची ती मराठी आहे, तिला कुणाकडून शुद्ध करून घ्यायची गरज नाही. पुस्तकात ती आली नाही तर कुठे राहील? मात्र निवेदनात हिंदी तुझ्या नकळत शिरते तिथे जागा राहा. "उच्च शिक्षा घेऊन तो परत आला" हे अकोल्याचा वाचक कसा वाचेल, विचार कर. पात्राच्या तोंडची इंदुरी मराठी तू निवडलेली आहेस, निवेदनातली ही चूक तुझ्याकडून निसटलेली आहे. दोन्ही एकाच पेन्सिलीनं खोडायच्या नाहीत.

पुरस्कार यादीतून काढ. प्रवेशिका पाठव, तारीख प्रकाशकाच्या वहीत लिही आणि विसरून जा. परीक्षणांसाठी पन्नास प्रती उधळू नकोस. दहा जण निवड, ज्यांचं लिहिणं तू स्वतः वाचतोस, आणि प्रत्येकाला हातानं चार ओळी लिहून पाठव.

वडिलांकडून घेतलेल्या पंधरा हजारांचं तू मला सांगितलंस, कागदावर मात्र लिहिलं नाहीस. प्रकाशकाच्या वहीचं पहिलं पान त्यासाठी ठेव. परत कधी मागणार नाहीत ते, मला माहीत आहे. तरी लिही.

येत्या रविवारी येशील तेव्हा खजुरी बाजारातून दोन वह्या घेऊन ये, एक आखीव, एक कोरी. पुस्तकाची तुझी स्वतःची प्रत आण, पान ४७ पासून सुरुवात करू. आणि ती नवी कथा, जिचं शेवटचं पान तू तीन वेळा फाडलंस, ती आहे तशी घेऊन ये. शेवट नसला तरी चालेल. मला ती तुझ्या तोंडून ऐकायची आहे.

तुझी,
काकू