टायरमधली हवा दर चार दिवसांनी उतरते, दुसऱ्या टायरला बाजूने फुगवटा आलाय. गाडी चालवू का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. मागच्या एका टायरमधली हवा तीन-चार दिवसांत उतरते, ती भरत राहून गाडी वापरली तर चालेल का. आणि पुढच्या टायरच्या बाजूला सुपारीएवढा फुगवटा आलाय, त्याचं काय करायचं.

फुगवट्याचं आधी सांगते, कारण तिथे थांबायला वेळ नाही. तो टायर आजच उतरवा आणि स्टेपनी लावा. टायरच्या बाजूच्या भिंतीत रबराच्या आत धाग्यांचे थर असतात आणि हवेचा ताण पेलतात ते हे धागे. चाक खड्ड्यात जोरात आदळलं की टायर रिम आणि खड्ड्याची कड यांच्यामध्ये चिमटतो, धागे तुटतात आणि तेवढ्या जागी हवा नुसत्या रबराला बाहेर ढकलते. तुटलेले धागे जोडता येत नाहीत, म्हणून फुगवट्याला दुरुस्ती नाही. ‘हवा जरा कमी ठेवा, काही होत नाही’ असं कुणी सांगितलं तर कृपा करून ऐकू नका. हवा कमी असली की भिंत जास्त दुमडते आणि उरलेल्या धाग्यांवर आणखी ताण येतो.

आता उतरणाऱ्या हवेचं. ही चूक मी स्वतः केली आहे. माझ्याही मागच्या टायरमधली हवा आठवड्याभरात उतरायची आणि मी दर रविवारी ती भरत राहिले. एका रविवारी राहून गेलं आणि दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे लांबच्या प्रवासाला निघालो. तासाभरात गाडी मागून डुलायला लागली आणि जळक्या रबराचा वास आला. थांबून त्या टायरला हात लावला तर चटका बसला. बाकीचे तीन नुसते कोमट होते. दुकानात टायर रिमवरून काढला तेव्हा आतून मूठभर काळी भुकटी जमिनीवर पडली. आतली भिंत गोल फिरून घासली गेली होती, बोट फिरवलं की रबराचा चुरा हाताला लागत होता. बाहेरून तो टायर अगदी धडधाकट दिसत होता. आणि हवा जात होती ती व्हॉल्व्हच्या पिनेतून, जी बदलायला पाच मिनिटंही लागत नाहीत. मागच्या सीटवर मुलं होती, हे आठवलं की आजही पोटात गोळा येतो.

म्हणून माझं उत्तर: दुकानापर्यंत पोचण्यासाठी हवा भरा, आठवडे ढकलण्यासाठी नको. हवा कमी असताना भिंत चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला वाकते, तार पुन्हापुन्हा वाकवली की तापते तशी ती तापते आणि आतून झिजत जाते. नंतर हवा पूर्ण भरली तरी ते नुकसान भरून येत नाही.

गळती कुठे आहे ते घरीच बघता येईल. आधी हवा मोजा, पण गाडी तीन तास तरी उभी असू दे, म्हणजे टायर गार असतील. किती हवा हवी तो आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतो. टायरवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो, तो धरू नका. थंडीत तापमान १० अंश सेल्सिअसने उतरलं तर हवा साधारण २ पीएसआयने (हवेच्या दाबाचं माप) कमी दाखवते, पण ती चारही चाकांत. एकाच चाकात उतरत असेल तर ती गळतीच. साबणाचं पाणी आधी व्हॉल्व्हच्या तोंडावर लावा, मग रिमच्या कडेने, मग रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीवर. जिथून बुडबुडे येतील तिथे गळती. रिमच्या कडेने येत असतील तर बहुतेक वेळा तिथे गंज किंवा घाण असते; टायर काढून कड साफ करून घेतली की काम होतं.

खिळा किंवा स्क्रू दिसला तर तिथल्या तिथे उपटू नका, त्यानेच भोक बरंचसं बुजवलेलं असतं. हवा भरून सावकाश दुकानात जा आणि टायर रिमवरून उतरवून आतूनच पॅच लावून घ्या. बाहेरून चिकट दोरी घुसवून केलेलं काम झटपट होतं खरं, पण आतली भिंत कुणी बघतच नाही. भोक नक्षीच्या मधल्या भागात आणि ६ मिलिमीटरपर्यंतचं असेल तरच दुरुस्त करावं. खांद्याला, म्हणजे नक्षी आणि भिंत जुळतात त्या कडेला, किंवा बाजूला असेल तर टायर बदलायचा. आणि रिकाम्या टायरवर गाडी चालली असेल तर आतून तपासल्याशिवाय त्यात हवा भरू देऊ नका. भरताना टायरच्या भिंतीसमोर कुणी उभं राहू नये, कारण फुटला तर तो बाजूने फुटतो.

रस्त्यातच हवा गेली तर ब्रेक दाबू नका. स्टिअरिंग घट्ट धरा, ॲक्सिलरेटरवरून पाय हळूहळू काढा आणि गाडी आपोआप मंदावू द्या. वळणावर किंवा रहदारीला चिकटून चाक बदलण्यापेक्षा अगदी हळू पुढे नेऊन सपाट, टणक जागा गाठा. टायर वाया गेला तरी चालेल. हॅझर्ड लावा, हँडब्रेक ओढा, गाडी गिअरमध्ये ठेवा, बदलायच्या चाकाच्या तिरप्या समोरच्या कोपऱ्यातल्या चाकाला दगड लावा. नट चाक जमिनीवर असतानाच सैल करायचे, जॅक नंतर. जॅकवरच्या गाडीखाली हातसुद्धा घालू नका; स्टेपनी चढवेपर्यंत ती गाडीखाली आडवी सरकवून ठेवा, म्हणजे जॅक घसरला तर गाडी तिच्यावर टेकेल. नट एकाआड एक, समोरासमोरचे आवळा आणि ५० किलोमीटरनंतर पुन्हा पाना लावून बघा.

फुगवट्याचा टायर उतरवण्याआधी स्टेपनीतली हवा तपासा, वर्षानुवर्षं तिच्याकडे कुणाचं लक्ष गेलेलं नसतं. ती किती जुनी आहे हे कळायला तिच्या बाजूवर DOT (डीओटी) या अक्षरांनंतर छापलेल्या कोडचे शेवटचे चार आकडे वाचा: २३१९ म्हणजे टायर २०१९ सालच्या २३व्या आठवड्यात बनलेला. बारकी स्टेपनी असेल तर ताशी ८० किलोमीटरच्या वर जाऊ नका. आणि काढलेला टायर ‘अडीअडचणीला राहू दे’ म्हणून डिकीत टाकू नका, दुकानातच सोडून या.