वाचकांचे प्रश्न : दीड लाखांचे टर्नटेबल घ्यावे का?

प्रश्न : आमच्या नाशिकच्या गंगापूर रोडवरील घरात वडिलांनी जमवलेल्या सुमारे दोनशे ध्वनिमुद्रिका आहेत. बहुतेक ख्याल आणि नाट्यसंगीताच्या एलपी (जास्त वेळ वाजणाऱ्या ‘लाँग प्ले’ तबकड्या) असून तीस-चाळीस लाखेच्या जुन्या, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकड्या आहेत. जुना प्लेअर बंद पडला आहे. मुंबईच्या एका दुकानदाराने दीड लाखांचे नवे टर्नटेबल सुचवले, तर मुलाच्या मते सात हजारांचा सूटकेसच्या आकाराचा प्लेअर पुरेसा आहे. एवढा खर्च सार्थकी लागेल का?

उत्तर : दुकानदाराला आधी वेगाविषयी विचारा. महागड्या नव्या टर्नटेबलांपैकी अनेकांना ३३⅓ आणि ४५ एवढेच वेग असतात. तसे असेल तर दीड लाख मोजूनही वडिलांच्या लाखेच्या तबकड्या कपाटातच राहतील. त्यांत द. वि. पलुस्करांची एखादी तबकडी असेल, तर ती वाजलीच पाहिजे असे मला मनापासून वाटते. आपल्या नाशिकमध्ये जन्मलेला हा गायक १९५५ साली वयाच्या ३४ व्या वर्षी गेला, आणि एका बाजूला जेमतेम साडेतीन मिनिटे मावणाऱ्या या तबकड्यांतही त्यांचा राग पुरा उभा राहतो. या तबकड्यांची खाच एलपीच्या खाचेपेक्षा कितीतरी रुंद असते. एलपीची बारीक सुई तीत तळाशी घसरून खरखरच अधिक उचलते, म्हणून ७८ साठी जाड टोकाची वेगळी सुई लागते.

मुलाचा सल्ला मात्र मी मानणार नाही. अशा स्वस्त प्लेअरांमध्ये सहसा सिरॅमिक कार्ट्रिज (सुईच्या कंपनांचा विद्युत संकेत करणारा भाग) असते आणि त्याची सुई पाच ग्रॅमच्या आसपास भाराने खाचेवर दाबली जाते. चांगल्या टोनआर्मवर, म्हणजे कार्ट्रिज धरणाऱ्या दांड्यावर, हाच भार दीड ते दोन ग्रॅम ठेवता येतो. झिजलेली खाच पुन्हा भरून येत नाही, आणि वडिलांचा संग्रह दुसऱ्यांदा विकत मिळणार नाही.

किंमत वाढते तशी पहिली सुधारणा होते ती वेगाच्या स्थिरतेत, आणि आपल्या संगीताला तिची गरज फार आहे. वाद्यमेळाच्या गजबजाटात वेगाचा किंचित हेलकावा लपून जातो, पण तानपुऱ्याच्या अखंड नादावर किंवा गायकाने लांबवलेल्या षड्जावर तो लगेच कानाला खटकतो. दुसरी सुधारणा टोनआर्मची. एलपीच्या बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५० सेंटिमीटर खाच सरकते, तर आतल्या टोकाशी जेमतेम २० सेंटिमीटर. त्यामुळे तेवढाच ध्वनी आत दाटीने कोरलेला असतो आणि सुई थोडी जरी तिरकी बसली तरी तिथे आवाज फाटतो. विलंबित आधी आणि द्रुत शेवटी, अशा आपल्या मांडणीत नेमक्या द्रुत ताना या कठीण जागी येतात.

एवढे साधणारे, तिन्ही वेगांचे डायरेक्ट ड्राइव्ह (मोटर तबकडीखालचे तबक थेट फिरवते असे) यंत्र दीड लाखांच्या निम्म्याहून कमी किमतीत मिळते. त्यापुढचा पैसा बराचसा जड तबकाला, देखण्या लाकूडकामाला आणि नावाला जातो. फरक पडतच नाही असे नाही, पण जुन्या ध्वनिमुद्रणांत मुळातच असलेल्या खरखरीपुढे तो ऐकू येणे अवघड आहे. उरलेली रक्कम कार्ट्रिज आणि त्याचा क्षीण संकेत वाढवणाऱ्या फोनो प्री-अँप्लिफायरवर खर्च करा. कार्ट्रिज मूव्हिंग मॅग्नेट प्रकारचे घ्या, कारण त्याची सुई घरच्या घरी काढून ७८ ची बसवता येते. महागड्या मूव्हिंग कॉइलमध्ये सहसा ती सोय नसते. जुने यंत्रही त्याज्य मानू नका. १९७२ साली आलेले टेक्निक्सचे एसएल-१२०० हे मॉडेल २०१० मध्ये बंद झाले आणि २०१६ मध्ये कंपनीने ते नव्या रूपात पुन्हा आणले. चांगली रचना किती टिकते ते यावरून कळावे. मात्र जुन्या एसएल-१२०० वर सहसा ७८ चा वेग नसतो, हे ध्यानात ठेवा.

मुंबईला जाताना घरची एक ७८ ची तबकडी आणि शेवटी द्रुत असलेली एक एलपी सोबत न्या, आणि त्या तिथेच वाजवून घ्या. नेण्यापूर्वी धूळ झटकायची असेल तर मऊ ब्रश वापरा. लाखेच्या तबकडीला अल्कोहोल असलेले कोणतेही द्रावण लावू नका, कारण त्यात लाख विरघळते.