वर्णभेद की वंशभेद? आणि क्लब ‘खासगी’ म्हणजे किती खासगी?

अमळनेरच्या एका वकील ताईंचा प्रश्न आहे. महाविद्यालयाच्या वार्षिक अंकासाठी त्या ब्रिटन आणि अमेरिकेतल्या क्लबांवरच्या जुन्या खटल्यांविषयी लिहीत आहेत. कातडीच्या रंगावरून सभासदत्व नाकारणारे क्लब आणि तिथे अडखळलेला कायदा, हा विषय. शीर्षकात ‘वर्णभेद’ लिहावं की ‘वंशभेद’? ‘खासगी’ लिहावं की ‘खाजगी’? आणि ‘क्लब’ला सरळ ‘मंडळ’ म्हटलं तर?

ताई, सोपं आधी उरकू. मूळ शब्द ‘खास’, म्हणून ‘खासगी’. पुढच्या ‘ग’च्या शेजारामुळे ‘स’ बोलताना मऊ पडतो आणि ‘ज’ ऐकू येतो, म्हणून ‘खाजगी’. दोन्ही रूढ आहेत. एका लेखात एकच ठेवा, म्हणजे झालं. मी ‘खासगी’ लिहितो, कारण त्या शब्दाचा जुना अर्थ तुमच्या लेखाच्या कामाचा आहे. १७३४ साली बाजीरावांनी मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाई यांना स्वतंत्र जहागीर दिली, ती ‘खासगी’. होळकरांची दौलत वेगळी आणि खासगी वेगळी. पैसा कोणाचा, त्यात दखल कोणाची, हा प्रश्न या शब्दात तेव्हापासून आहे. तुमच्या खटल्यांतही न्यायाधीश दुसरं काय विचारत होते?

आता वर्ण आणि वंश. ‘वर्णभेद’ कानाला सरावलेला आहे. दक्षिण आफ्रिकेच्या बातम्यांनी तो घरोघर पोचवला. पण मराठी वाचकाला ‘वर्ण’ म्हटलं की रंगाबरोबर चातुर्वर्ण्यही आठवतं, आणि लेख इंग्लंडचा असला तरी मन मनुस्मृतीकडे वळतं. ‘वंश’ची अडचण उलटी आहे. बोलीत तो घराण्यापुरता असतो: वंशावळ, वंशवेल, निर्वंश. अहिराणीत ‘वंशना दिवा’ म्हणतात तेव्हा त्या दिव्याचा मानवजातीच्या शाखांशी काडीचा संबंध नसतो. तरी संविधानाच्या मराठी पाठात अनुच्छेद १५ मध्ये ‘धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान’ असा क्रम आहे, तेव्हा कायद्याच्या लेखात ‘वंश’ हाच मान्य शब्द. रंगाचा उल्लेख त्या यादीत नाही, हेही ध्यानात घ्या.

कोणी म्हणेल, कोणताही एक घ्या, वाचकाला कळतं. मला हे पटत नाही. ब्रिटनच्या कायद्यात हे दोन शब्द दोन वेगळी कामं करतात.

१९६८च्या ब्रिटिश कायद्यात भेदभावाची कारणं सुटी सुटी मोजली होती: रंग, वंश, वांशिक मूळ, राष्ट्रीय मूळ. दुकानं, घरं, नोकऱ्या, सेवा, सगळीकडे बंदी आली. पण सेवा-सोयींबाबत ती फक्त ‘जनतेला किंवा जनतेच्या एखाद्या घटकाला’ पुरवल्या जाणाऱ्या सोयींपुरती होती. मग हुजूर पक्षाच्या ईस्ट हॅम साऊथ कॉन्झर्व्हेटिव्ह क्लबचं प्रकरण उभं राहिलं. मूळच्या एका भारतीयाने तिथे सभासदत्वासाठी अर्ज केला. त्याच पक्षाचा माणूस, पात्रतेत खोट काही नाही. समितीत मतं समसमान पडली आणि अध्यक्षांनी निर्णायक मत विरोधात टाकलं. रंगाचा मुद्दा आपल्या दृष्टीने गैरलागू नाही, हे त्यांनी लपवलंही नाही. १९७३ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे ब्रिटनच्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, क्लबच्या बाजूने कौल दिला: जिथे सभासद खरोखर पारखून घेतले जातात तिथे ते ‘जनतेचा घटक’ नसतात, म्हणून कायदा आत शिरत नाही. पुढच्या वर्षी प्रेस्टनच्या गोदी कामगारांच्या क्लबबाबतही तसंच झालं. हुजूर पक्षाचा क्लब काय आणि मजुरांचा क्लब काय, दार दोघांनीही त्याच कारणाने लावलं होतं.

ही फट संसदेने १९७६ साली बुजवली. पंचवीस किंवा अधिक सभासदांच्या क्लबांना वंशावरून भेदभाव करायला मनाई झाली. मात्र एक सवलत ठेवली. एखाद्या विशिष्ट समाजाच्या लोकांसाठीच काढलेली संस्था आपलं सभासदत्व त्या समाजापुरतं ठेवू शकते. फक्त तो समाज रंगावरून ठरवलेला नसावा. ही सवलत २०१०च्या समानता कायद्यातही टिकली. म्हणजे उद्या लंडनमध्ये कोणी आपल्या मुळाच्या, आपल्या बोलीच्या माणसांपुरती संस्था काढली, तर तिला कायद्यात जागा सापडू शकते. ‘फक्त गोऱ्यांसाठी’ अशी पाटी लावणाऱ्याला ती नाही. वंशमूळ चालतं, रंग चालत नाही. आता दोन्हींना मिळून ‘वर्णभेद’ म्हटलं, तर हा फरक मराठीत सांगणार कसा?

म्हणून माझा सल्ला: कायद्याच्या सर्वसाधारण अर्थी ‘वंशभेद’ किंवा ‘वांशिक भेदभाव’, आणि मुद्दा कातडीचा असेल तिथे स्पष्ट ‘रंगभेद’. ‘वर्णभेद’ मुळीच नको असं नाही. जुनी अवतरणं आणि दक्षिण आफ्रिका यांच्यासाठी तो असू द्या. ‘वंशद्वेष’ मात्र जपून. द्वेष मनात असतो, भेदभाव कृतीत. समितीतला प्रत्येक जण ‘माझ्या मनात काही नाही हो’ असं शपथेवर सांगेल आणि ते खरंही असेल. अर्ज नाकारला तो नाकारलाच. कायद्याचा हात कृतीपर्यंतच पोचतो.

तुमच्या लेखाचं खरं मर्म मला ‘खासगी’पेक्षाही ‘प्रत्यक्षात’ या शब्दात दिसतं. अमेरिकेच्या १९६४च्या नागरी हक्क कायद्याने खासगी क्लबांना सूट दिली, पण जे ‘प्रत्यक्षात’ लोकांसाठी खुले नाहीत अशांनाच. आर्कान्सामध्ये लेक निक्सन क्लब नावाचं सहलीचं ठिकाण होतं. पोहणं, होड्या, खाणंपिणं असं सगळं. तिथे दारातच पंचवीस सेंट घेऊन ‘सभासद’ करून टाकत. काळ्या माणसाला मात्र सभासद-यादी भरली असं उत्तर. १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने हे सोंग ओळखलं. १९७२चा हॅरिसबर्गचा निकाल याच्या उलट गेला. पेनसिल्व्हेनियाच्या विधिमंडळातले कृष्णवर्णीय नेते लेरॉय अर्व्हिस एका गोऱ्या सभासदाचे पाहुणे म्हणून मूस लॉज या खासगी क्लबात गेले. त्यांना जेवणही नाही, पेयही नाही. त्यांचं म्हणणं असं की, क्लबला दारूचा परवाना सरकार देतं, मग या भेदभावात सरकारही भागीदार. सहा विरुद्ध तीन मतांनी न्यायालय म्हणालं, परवाना दिला म्हणून क्लब सरकारी होत नाही. गंमत म्हणजे त्याच वर्षी त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने राज्याचा कायदा लावून त्याच लॉजला अडवलं: बाहेरच्या पाहुण्यांना जेवणघर खुलं ठेवता ना, मग तेवढ्यापुरते तुम्ही खासगी नाही. अर्व्हिस १९७७ मध्ये तिथल्या सभागृहाचे सभापती झाले.

आपल्याकडे हा ‘प्रत्यक्षात’ वेगळ्या दाराने आला. १९५५च्या नागरी हक्क संरक्षण कायद्यात सार्वजनिक पूजास्थानाच्या व्याख्येत खासगी मालकीचं देऊळही बसतं, जर मालक ते प्रत्यक्षात सार्वजनिक पूजेसाठी वापरू देत असेल. आणि अनुच्छेद १५ मधल्या ‘दुकान’ या शब्दावर घटना समितीत २९ नोव्हेंबर १९४८ रोजी चर्चा झाली, ती शब्दप्रेमी माणसाने वाचावीच. दुकानात न्हावी, धोबी येतात का, अशी शंका निघाली. बाबासाहेबांच्या उत्तराचा आशय असा की, मागायला येणाऱ्या कोणालाही आपली सेवा द्यायला जो तयार आहे, त्याची जागा म्हणजे दुकान. किती मोठा अर्थ केवढ्याशा शब्दात बसवला!

क्लब मात्र या व्याख्येच्या बाहेर राहू शकतो, कारण तो ‘कोणालाही’ म्हणतच नाही. २००५ साली अहमदाबादच्या पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने सभासदत्व पारशांपुरतं ठेवणारा पोटनियम वैध धरला: मूलभूत हक्क प्रामुख्याने राज्यसंस्थेविरुद्ध आहेत, आणि संघ बनवण्याचं स्वातंत्र्यही घटनेनेच दिलेलं आहे. हा निकाल मला व्यक्तिशः खटकतो. क्लब रोजच्या गरजेचा नसतो, घर असतं. पण तुमच्या लेखात तो हवाच, नाहीतर ‘हे सगळं तिकडचं’ म्हणून वाचक मोकळा होईल.

राहिला ‘क्लब’. ‘मंडळ’ नको. आपल्याकडे मंडळ म्हणजे गणपतीचं, वर्गणी मागायला येणारं, अहिराणीत ‘मंडय’. त्यात निवडून-पारखून सभासद घेण्याचा वासही नाही. वर्गणी तर ते कोणाचीही घेतात. ‘जिमखाना’ जवळचा आहे, पण खेळापुरता. ‘क्लब’च ठेवा. फक्त जळगाव-धुळ्याच्या वाचकाला ‘क्लब’ म्हटलं की पत्त्यांचा क्लब आणि पोलिसांचा छापा आधी दिसतो, म्हणून पहिल्या उल्लेखात ‘निवडक सभासदांचा क्लब’ असं लिहा, पुढे नुसतं ‘क्लब’ चालेल. आणि ‘सदस्य’पेक्षा ‘सभासद’ बरा. सोसायटी, पतपेढी, क्लब, सगळीकडे आपण तोच म्हणतो. शीर्षक मी असं केलं असतं: ‘खासगी क्लब, वांशिक भेदभाव आणि कायद्याची हद्द’. ‘मर्यादा’ऐवजी ‘हद्द’ अशासाठी की, ‘मर्यादा’ म्हटलं की कायदा दुबळा पडला असं वाटतं. इथे कुठवर जायचं हे कायद्याने स्वतःच आखलं आहे, आणि ब्रिटनमध्ये १९७६ साली ती रेघ पुढे सरकवलीही.